वरतं दिसते का जी?

आमच्या शेजारच्या पोराच्या डोक्यावर गेला उन्हाळाभर एक पुढारी हात जोडून उभा होता. उभा म्हणजे आडवा. पोरगा चंद्रपूरजवळच्या एका गोदामाच्या आवारात फोर्कलिफ्ट चालवतो आणि त्या गाडीच्या डोक्यावरच्या लोखंडी जाळीवर त्यानं वाढदिवसाचा एक जुना फ्लेक्स तारेनं आवळून बांधला होता. छापील बाजू खाली, पांढरी वर. "पांढरी वरतं ठेवली तं ऊन कमी लागते सर," हे त्याचं शास्त्र, आणि ते चुकीचं नाही. फक्त मान वर केली की पुढारी. खाली स्टिअरिंग, वर पुढारी, मधे हा.

मी गेलो होतो त्याचा घरी राहिलेला डबा पोचवायला. मे महिना. आमच्या गावात मे महिन्यात माणसं डोळ्यांवरून ओळखावी लागतात, बाकी सगळं दुपट्ट्यात असतं. त्यानं मला लांबूनच ओळखलं, मी त्याला फोर्कलिफ्टवरून. पोत्यांचं एक पॅलेट तिसऱ्या थरावर चढवायचं काम चाललं होतं. काटे वर वर गेले, साखळ्या करकरल्या, आणि ऐन वेळी या पोरानं कासवासारखी मान डाव्या बाजूनं बाहेर काढली, वर पाहिलं, पॅलेट बसवलं, मान आत घेतली.

"वरतं दिसते का रे तुला?" मी विचारलं.

"दिसते जी. डोकं बाहीर काढलं तं दिसते."

मी चौतीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं. डोळा, वस्तू आणि मधे येणारा अडथळा, यापलीकडे मला फारसं काही कळत नाही. पण एवढं कळलं, की ज्या छपरानं डोकं वाचवायचं त्यातून दिसत नाही म्हणून हा डोकंच छपराबाहेर काढतोय. छत्री भिजू नये म्हणून काखेत धरून पावसात चालणारा एक शिपाई आमच्या शाळेत होता, त्याची आठवण झाली.

घरी आल्यावर मी त्या जाळीच्या मागे लागलो. निवृत्त माणसाला कशाच्या तरी मागे लागावंच लागतं. कळलं ते असं, की ही जाळी म्हणजे कुणी लोहारानं मनाला येईल तशी ठोकलेली वस्तू नव्हे. तिच्यावर आयएसओ ६०५५ नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि ते मानक तिची बोर्डाच्या परीक्षेसारखी परीक्षा घेतं. ४५ किलोचा एक ठोकळा दीड मीटर उंचीवरून तिच्यावर टाकायचा. एकदा नाही, दहादा. ४५ किलो म्हणजे आपल्या गडचांदूरकडून भरून जाणाऱ्या सिमेंटच्या पोत्याहून पाच किलो कमी. ठोकळ्याच्या आदळणाऱ्या बाजूला कठीण लाकूड लावलेलं असतं. त्यात पास झाली की दुसरा पेपर: लांब लाकडी फळ्यांचा पट्ट्यांनी आवळलेला अख्खा भारा वरून सोडायचा. गाडीची ताकद जेवढी मोठी तेवढा भारा जड. मग छप्पर किती वाकलं ते मोजायचं आणि खाली माणसापुरती जागा उरली का ते पाहायचं.

मला गंमत वाटली ती लाकडाची. आमचा मुलूख लाकडाचा. आलापल्लीचा साग बल्लारपूरच्या डेपोत येतो, तिथून देशभर जातो. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी इथलं सागवान मिरवणुकीनं, पूजा करून रवाना झालं. एक लाकूड मंदिराचं दार होतं, आणि दुसरं कुठल्या तरी परीक्षागृहात परीक्षक होऊन लोखंडाच्या डोक्यावर पडत राहतं. ज्याचं त्याचं नशीब.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिलेली असते: हे छप्पर सुटी खोकी, पोती, तुकडे यांच्यासाठी आहे. गाडी उचलू शकते तेवढा पूर्ण बोजाच वरून आला तर ते तारेल अशी हमी कुणी देत नाही. तो भाग देवावर.

आता खरी अडचण. छप्पर बंद पत्र्याचं केलं तर प्रश्नच मिटला, पण मग काटे कुठे गेले ते वर कसं पाहायचं? म्हणून सळ्या. सळ्या किती लांब लांब ठेवायच्या? मानक म्हणतं, फट एका दिशेनं तरी १५० मिलिमीटरपेक्षा मोठी नको. हा आकडा वाचून मी कपाटातली जुनी कंपासपेटी काढली. १५ सेंटीमीटर म्हणजे पोरांच्या पेटीतली छोटी पट्टी. चौतीस वर्षं जी पोरांच्या हातावर मारली (मारायला नको होती, मान्य), तीच इथे माणसाच्या डोक्याचं माप ठरवत होती.

त्या पट्टीनं मला आणखी एक गोष्ट शिकवली. पट्टी सपाट धरून दाबली तर वाकते. तीच कडेवर उभी धरून दाबली तर हूं का चूं करत नाही. आणि मौज अशी, की कडेवर उभी धरलेली पट्टी डोळ्यांसमोर नेली तर ती फक्त एक रेघ दिसते. म्हणजे जिथे ताकद वाढली तिथेच आड येणं कमी झालं. चांगल्या बनावटीच्या छपरात सळ्यांऐवजी अशाच पट्ट्या लावतात, कडेवर उभ्या, आणि प्रत्येकीला थोडा वेगळा कल देतात, सगळ्यांच्या कडा चालकाच्या डोळ्यांकडे वळतील असा. बसल्या जागेवरून पाहिलं तर बारीक रेघा आणि मधे आकाश. जागेवरून उठून पाहिलं तर बंद खिडकीच्या झडपा. अडचण एवढीच, की दिवसपाळीचा पोरगा साडेपाच फूट आणि रातपाळीचा सहा फूट. कागदावर डोळा एकच असतो, गोदामात पाळीगणिक बदलतो.

दोन डोळ्यांचीही एक भानगड आहे. माणसाच्या दोन बुबुळांमधलं अंतर साधारण सहा-साडेसहा सेंटीमीटर. एखादा उभा खांब त्यापेक्षा बारीक असेल तर लांबची कुठलीच वस्तू तो पूर्णपणे लपवू शकत नाही. एका डोळ्याला नाही दिसली तर दुसऱ्याला दिसते. हे मी पुस्तकात नाही, झाडीपट्टीत शिकलो. देसाईगंजकडच्या नाटक कंपन्या थंडीत गावोगाव फिरतात, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेला संपतं आणि मांडवाला खांब असतातच. खांब बांबूचा असला तर दोन डोळे आपापसांत वाटणी करून नाटक पार पाडतात. सागाची जाड बल्ली पुढ्यात आली की संपलं. मी एक अख्खं नाटक असं पाहिलं आहे, की त्यातली नायिका मला फक्त डावीकडून माहीत आहे. तिनं शेवटी माफ केलं की नाही हे उजव्या गालावर ठरलं असावं.

पण हा हिशेब उभ्या खांबांचा. डोळे शेजारी शेजारी आहेत, एकावर एक नाहीत. म्हणून डावी-उजवीकडे आडवी गेलेली पट्टी दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी झाकते. तिथे दुसरा डोळा मदतीला येत नाही. छपराच्या आडव्या पट्ट्या कडेवर उभ्या करायच्या त्या यासाठीच. आणि समोर मास्ट, म्हणजे काटे ज्यावर चढतात तो उभा सांगाडा, आहेच. पूर्वी त्याच्या ऐन मधोमध उचलणारा एकच जाडजूड सिलिंडर असायचा, म्हणजे चालकाच्या नाकासमोर कायमची बल्ली. पुढे एकाचे दोन बारीक केले आणि दोन्ही बाजूंच्या खांबांच्या आड लपवले, तेव्हा मधली खिडकी उघडली.

हे सगळं मोजतात कसं, ते मला फार आवडलं. आयएसओ १३५६४ नावाच्या चाचणीत चालकाला बसवतच नाहीत. त्याचे डोळे जिथे असतील तिथे दिवे बसवतात, अंधार करतात आणि दिवे लावून सावल्या कुठे पडतात ते पाहतात. जिथे सावली, तिथे हा माणूस आंधळा. ड्रॉइंग मास्तराला याहून सुंदर कल्पना कुणी सांगितली नव्हती. मला ती चाचणी घरोघर घ्यावीशी वाटते. नवऱ्याच्या खुर्चीत दिवे लावून पाहावं, स्वयंपाकघर कुठवर सावलीत येतं ते.

इकडे पूर्वी ओझी उचलायला फोर्कलिफ्ट नव्हती, पण उचलणारा होता. अहेरी तालुक्यात कमलापूरला वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. आज लोक तिथे हत्ती बघायला जातात. एकेकाळी हे हत्ती जंगलातले सागाचे ओंडके ओढायच्या कामावर होते. माहूत बसतो मानेवर, पाय कानांमागे. म्हणजे सगळी उचलयंत्रणा त्याच्या पुढे आणि खाली, नजर वरून मोकळी. चालकाला यंत्राच्या मागे कोंडायची बुद्धी माणसाची, त्याला यंत्राच्या डोक्यावर बसवायची निसर्गाची. वरून फांदी आडवी आली तर मुरलेला हत्ती सोंडेनं मोडून बाजूला करतो, म्हणजे छप्परही तोच. हत्तीची स्वतःची नजर बेताचीच, पण सोंडेच्या टोकाला नाक असल्यावर काय बिघडलं? फोर्कलिफ्टच्या काट्यांना अजून वास येत नाही. एक दोष मात्र हत्तीत आहे. फोर्कलिफ्टला नुसता मास्ट असतो, हत्ती मस्त होतो.

बोजा उंच असला आणि पुढचं दिसेना, तर फोर्कलिफ्ट उलटी चालवायची असा नियम आहे. तोंड मागे, प्रवास मागे, बोजा पाठीशी. आमचा पोरगा दिवसातला बराच वेळ असा उलटा जातो. त्याच्या आईची तक्रार, की तो जेवतानाही मान वळवून बसतो. मी म्हटलं, "वहिनी, पोरगा बोजा घेऊन मागं पाहत चालते, पुढं पाहत नाही. पेन्शनवाल्यायचंही तसंच हाय." त्यांना ते काही पटलं नाही.

फ्लेक्सचा प्रश्न मात्र उरलाच. ज्यांनी पट्टीन् पट्टी डोळ्याच्या रेषेत वळवली, त्यांच्या परीक्षेत ४५ किलोचा ठोकळा होता, ४५ अंशांचं ऊन नव्हतं. आपल्याकडे छप्पर म्हटलं की आधी सावली. अंगणात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव घालतात तो पोतं पडेल म्हणून नाही. लोखंडी जाळी उन्हात तापते, तिच्या सावलीचे पट्टे अंगावर पडतात, आणि माणूस हाताला येईल ते वर घालतो: पुठ्ठा, ताडपत्री, प्लायवूड, पुढारी. उन्हाचं निवारण करणारे पारदर्शक किंवा रंगीत पॉलीकार्बोनेटचे पत्रे मिळतात म्हणे, छपरासाठीच बनवलेले. मुकादमाकडे अर्ज दिला आहे. अर्जाला कोणी छप्पर घातलेलं नाही, त्यावर धूळ पडते आहे.

"काढून टाक ना तो फ्लेक्स," मी सांगून पाहिलं.

"काढतो जी. मंग उनाचं काय करू? वरतं पाहाले गेलो तं डोळे चमकते, नाही पाहिलं तं डोकं तपते."

मग मी माझी विद्या काढली. एका दुपारी गाडी बंद करून, किल्ली खिशात घेऊन, मी त्याच्या सीटवर बसलो. उंचीला आम्ही सारखे. तिसऱ्या थराच्या कडेकडे डोळा लावला आणि ती रेघ जिथे फ्लेक्सला भेदते तिथे खडूनं चौकोन काढला. जाळीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंगचा ठिपकाही लावायचा नाही, त्यानं तिची ताकद जाते. पण फ्लेक्सला कापायला कोणाची हरकत? चौकोन आला नेमका पुढाऱ्याच्या चष्म्यावर.

पोरगा कातर घेऊन थबकला. आजूबाजूला पाहिलं. हमालही थांबले.

"सर, हे नाही जमत. उद्या निवडणूक लागली तं?"

म्हणून मग फ्लेक्स सोडला, उलटा फिरवला, पुढारी मागच्या बाजूला नेला. पुढच्या बाजूला आली शुभेच्छुकांची रांग, तिकिटाएवढे पंधरा-सोळा गोल चेहरे. ते कापायला कोणालाच काही वाटलं नाही. दोन मिनिटांत समस्त मित्रपरिवार जमिनीवर आणि वर चौकोनभर आकाश.

आता मान बाहेर काढावी लागत नाही. तिसरा थर दिसतो, पोत्याचं शिवलेलं तोंडसुद्धा दिसतं. फक्त ऊन त्या चौकोनातून आत येतं, त्याला काही इलाज नाही. गाडी ट्रककडे तोंड करून रोजच्या जागी उभी असली, की सकाळी तो उन्हाचा तुकडा सीटच्या कडेवर असतो, मग हळूहळू सरकतो. गुडघ्यावर आला की पोरगा इंजिन बंद करतो आणि डबा उघडतो.