हिंजवडी ते पौड, व्हाया झेरॉक्स

हिंजवडीत राहणाऱ्या माणसाला आपण नक्की कुठले, हे एका दमात सांगता येत नाही. पोस्टाच्या हिशेबानं तो पुण्याचा, पिन कोड 411057. पोलिसांच्या हिशेबानं पिंपरी-चिंचवडचा, कारण 15 ऑगस्ट 2018 ला ते आयुक्तालय सुरू झालं आणि हिंजवडी त्यात गेली. दाखला काढायची वेळ आली, की मात्र तो मुळशी तालुक्याचा आणि तालुक्याचं ठिकाण पौड. काचेच्या इमारतीत बसून न्यूयॉर्कशी बोलणाऱ्या अनेकांना पौड हे फक्त कोथरूडमधल्या रस्त्याचं नाव वाटतं.

माझ्या भाच्यालाही तसंच वाटायचं. त्याच्या आजोबांचं गाव मुळशीतलं. पण वडील चिंचवडच्या कारखान्यात, तो तिथेच वाढलेला. आता हिंजवडीच्या फेज थ्रीमध्ये एका अमेरिकन बँकेचे सर्व्हर चालू ठेवण्याचं काम करतो. नोकरकपातीच्या बातम्या वाचून बहिणीनं धसका घेतला आणि पोराला सरकारी भरतीचा अर्ज भरायला बसवलं. मला म्हणाली, "दादा, तू जा त्याच्याबरोबर. त्याला ऑफिसात बोलता येत नाही." रोज रात्री तीन खंडांशी बोलणाऱ्या मुलाबद्दल ती हे म्हणत होती, आणि बरोबर म्हणत होती.

जाहिरातीखाली कागदपत्रांची यादी होती. तिच्यात लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, नमुना अ. 2005 च्या नियमांप्रमाणे 28 मार्च 2006 नंतरची अपत्यं धरून संख्या दोनाच्या वर गेली, तर सरकारी नोकरी नाही. भाचा अविवाहित. स्थळं बघून बघून बहीण थकलेली. त्यानं अपत्यांच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं आणि आईकडे न बघता सही केली.

मग संगणक येतो याचा पुरावा. सेवा केंद्रातल्या मुलापुढे भाच्यानं संगणक अभियांत्रिकीची पदवी ठेवली. मुलानं ती आदरानं उलटीपालटी केली. "हे चांगलंच आहे हो सर, पण एमएस-सीआयटी आहे का?"

झेरॉक्सवर सही कोणाची, हा प्रश्न मात्र आता उरलेला नाही. 2015 पासून महाराष्ट्रात अर्जदारानं स्वतःच कागद साक्षांकित करायचे. "म्हणजे मी खरं बोलतोय, हे मीच लिहून द्यायचं?" भाच्याला हे पटेना. त्याला काय ठाऊक आमचे दिवस! तेव्हा गावात राजपत्रित अधिकारी म्हणजे गुरांचे डॉक्टर. माझी बीकॉमची गुणपत्रिका त्यांनी म्हशीचे दात बघावेत तशी दोन्ही बाजूंनी पाहिली होती आणि मगच 'सत्यप्रत' शिक्का उठवला होता.

खरी गाठ जातीच्या दाखल्याशी होती. वडिलांनी तो काढलाच नव्हता, कारखान्यानं कधी मागितला नाही. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. भाचा म्हणाला, "मामा, मी तर 1998 चा." म्हटलं, तुझं नाही रे, आजोबांचं. म्हणजे शाळेचा दाखला, नाहीतर कोतवाल बुकातली जन्माची नोंद. आणि ती बुकं तालुक्याला. चला पौडला.

त्याच्या दुचाकीमागे बसून शिवाजी चौकातून निघालो. सकाळी अख्खं पुणे फेज थ्रीकडे निघालेलं असतं आणि आमचा रस्ताही त्याच दिशेचा. पाय टेकत, हॉर्न ऐकत मेगापोलिस गाठलं. इथून निघणारा मेट्रोचा मार्ग 23 किलोमीटर जाऊन शिवाजीनगरला टेकतो. पौडकडे त्याचा एकही खांब वळत नाही. शेवटच्या कंपनीचं गेट मागे पडलं आणि एकदम रस्ता मोकळा झाला. माण संपलं, भातखाचरं लागली, घोटावडे आलं. भाच्यानं गाडीचा वेग कमी केला. रस्ता मोकळा असला की त्याला चुकल्यासारखं वाटतं.

पौडला पोचल्यावर ऑफिस शोधावं लागत नाही. जिथे झेरॉक्सची दुकानं, कोर्ट फी स्टॅम्प आणि वडापाव एका नजरेत येतात, तिथे सरकार असतं. नकलेचा अर्ज लिहिला, स्टॅम्प डकवला, आणि दप्तर बाहेर आलं. लाल कापडातलं, कडा झिजलेलं. आजोबांच्या सालाचं पान मोडीत. भाचा वाकून बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "मामा, हे एन्क्रिप्टेड आहे का?"

उलगडायला एक निवृत्त गुरुजी मिळाले. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. नाहीतर ही लिपी येणं हा इतके दिवस घरच्यांच्या चेष्टेचा विषय होता. गुरुजींनी बोट ठेवलं, नाव वाचलं, बापाचं नाव, जात, तारीख. तारीख भाद्रपदातली निघाली. शाळेच्या दाखल्यावर मात्र आजोबा 1 जूनला जन्मलेले. गुरुजी हसले. शाळेत घालायला नेलेल्या पोराची जन्मतारीख घरच्यांना सांगता आली नाही, की मास्तर 1 जून लिहीत. त्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्मला आहे.

नक्कल घेऊन ती पुढे द्यायला आम्ही दुसऱ्या एका खिडकीवर गेलो. कुठल्या, ते विचारू नका. भिंतीवर लोकसेवा हक्क अधिनियम 2015 चा फलक, त्यावर कुठली सेवा किती दिवसांत मिळणार ते आखलेलं. फलकाखाली बसलेल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "सर्व्हर डाऊन आहे." भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याच्या हाताखालचा सर्व्हर पाच मिनिटं बसला तर अमेरिकेतून फोन येतात आणि सकाळी लेखी खुलासा द्यावा लागतो. त्यानं अदबीनं विचारलं, "कधीपर्यंत येईल?" बाई म्हणाल्या, "आला की येईल."

त्या बाकावर बसून जे दिसलं ते असं, की संगणक या ऑफिसातही आहेत आणि त्यातले काही हिंजवडीइतकेच नवे आहेत. अडतं ते एका टेबलाचा दुसऱ्या टेबलावर विश्वास नसल्यामुळे. सरकारच्याच कपाटातला कागद काढायचा, त्याची प्रत घ्यायची आणि सरकारच्याच पुढच्या खिडकीवर नेऊन द्यायची, हे शिपायाचं काम अर्जदार करतो. पगार नोकरी लागली तर.

रहिवासाच्या पुराव्याची तऱ्हा निराळीच. भाच्याला ओळखणारे शेजारी हवे होते. सोसायटीत त्याला ओळखतात दोघे, वॉचमन आणि जेवणाची पार्सलं आणणारा मुलगा, दोघेही बीडचे. त्याच हिंजवडीतून हनुमान जयंतीला म्हातोबाचं बगाड वाकडला जातं, आणि त्यावर चढणाऱ्या गळकऱ्याकडे कोणी वीजबिल मागत नाही. गावाला तो माहीत असतो. ती हिंजवडी निराळी आणि भाड्याच्या फ्लॅटची निराळी.

अर्ज शेवटच्या तारखेला गेला. भाचा अजून बँकेचे सर्व्हर सांभाळतो आहे, आणि त्याची फाईल त्याची आई कपाटात दागिन्यांशेजारी ठेवते. तुम्ही भरतीच्या वाटेवर असाल, तर जाहिरातीची वाट बघत बसू नका. आजोबांची नोंद आजच काढून ठेवा. आणि नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र काढलेलं असेल, तर त्याची मुदत 31 मार्चला संपते, ते कुठल्या सालच्या, हे आधी वाचा.