कर भरा, प्रश्न विचारू नका

बिटकॉइन आपल्याकडे कायदेशीर आहे की नाही, ते एकदा स्पष्ट करा, असे 25 फेब्रुवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारच्या वकिलांना सांगितले. समोर पुण्यातही गुन्हे दाखल झालेल्या एका बिटकॉइन घोटाळ्याचे प्रकरण होते. कायदा काय म्हणतो हे प्रजेने न्यायालयाला विचारावे, अशी आपली रीत. इथे न्यायालयावरच सरकारला विचारण्याची पाळी आली. तेव्हा अमुक क्रिप्टो एक्स्चेंज भारतात कायदेशीर आहे का, असे पुतण्याने विचारले आणि उत्तर आले नाही, तर काकांनी अजिबात ओशाळू नये. या अवस्थेला सरकारची दिरंगाई म्हणण्याचा प्रघात आहे. तो सरकारवर अन्याय आहे. दिरंगाईत कधी सरकारचे नुकसान होते, कधी नागरिकाचे. जिच्यात दरवेळी वसुली सरकारकडे आणि जोखीम नागरिकाकडे जाते, तिला दिरंगाई कसली म्हणायची? ते धोरण आहे, आणि बरेच यशस्वी धोरण आहे.

या धोरणाची जडणघडण पाहण्यासारखी आहे. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2013 मध्ये लोकांना सावध केले. एप्रिल 2018 मध्ये तिने बँकांना फर्मावले की या धंद्यातल्या कुणालाही सेवा देऊ नका. म्हणजे दुकानाला बंदी नाही, फक्त गल्ला ठेवायचा नाही. 4 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. या धंद्यामुळे एखाद्या बँकेचे काही नुकसान झाले, हे रिझर्व्ह बँकेला दाखवता आले नव्हते. मधल्या काळात, 2019 मध्ये, सुभाषचंद्र गर्ग समितीने दहा वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद असलेला बंदीचा मसुदा देऊन ठेवला होता. 2021 मध्ये संसदेच्या कामकाजाच्या यादीत त्या विषयाचे विधेयक दोनदा लागले, अर्थसंकल्पी अधिवेशनात आणि हिवाळी अधिवेशनात. मांडले एकदाही गेले नाही. आणि मग आला फेब्रुवारी 2022 चा तो संस्मरणीय पंधरवडा. 1 तारखेला अर्थमंत्र्यांनी या व्यवहारांतल्या नफ्यावर 30 टक्के कर लावला. 10 तारखेला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणाले, या मालामागे ट्यूलिपच्या फुलाएवढाही आधार नाही. 11 तारखेला अर्थमंत्र्यांनी राज्यसभेत खुलासा केला की कर घेणे हा सरकारचा हक्क आहे. मान्यता द्यायची की बंदी घालायची ते पुढे पाहू. 14 तारखेला डेप्युटी गव्हर्नरांनी याची तुलना पाँझी योजनांशी केली आणि बंदीच बरी, असे सुचवले. एकाच राज्यशकटाची ही चार चाके चार दिशांना निघालेली वाटतात खरी. पण वसुलीचे चाक मात्र जराही डगमगले नाही.

आता या कराची बांधणी पाहा. नफ्यावर 30 टक्के, वर उपकर. प्रत्येक विक्रीवर 1 जुलै 2022 पासून एक टक्का टीडीएस, मग विक्रीत नफा होवो की तोटा. एका नाण्यात झालेला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. यावर नेहमीचा आक्षेप असा, की जुगारी मालावर कडक कर असायलाच हवा. शिवाय कर लावला म्हणजे धंदा कायदेशीर ठरला असे होत नाही, प्राप्तिकर तर बेकायदा कमाईवरही लागतो. आक्षेप कायद्याला धरून आहे. पण तोच धरून थोडे पुढे गेले, तर भलत्याच गावी पोचायला होते. 1958 मध्ये एक गृहस्थ 65,500 रुपये घेऊन सीमा ओलांडून पाकिस्तानात जाताना पकडले गेले. पैसे सोने चोरून आणण्यासाठी होते. कस्टमने ते जप्त केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1980 मध्ये निकाल लागला की तस्करी हाच ज्याचा धंदा, त्याची जप्त झालेली रक्कम हा त्या धंद्यातला तोटा आहे, आणि करआकारणीत त्याची वजावट त्याला मिळाली पाहिजे. हिशेबाच्या दृष्टीने निकाल अगदी रास्त होता. म्हणजे उघड तस्कराला तोट्याचा हिशेब मांडता आला. मोबाइलवर ओळखपत्र दाखवून, पॅन जोडून, टीडीएस कापून घेऊन बिटकॉइन घेणाऱ्या नाशिकच्या नोकरदाराला तो मांडता येत नाही. बेकायदा असता, तर त्याचे बरे चालले असते!

एक्स्चेंजांच्या नशिबी हाच न्याय आहे, फक्त रकमा मोठ्या. एप्रिल 2022 मध्ये कॉइनबेस या अमेरिकी एक्स्चेंजने गाजावाजा करत भारतात पाऊल टाकले आणि यूपीआयने पैसे भरा, असे जाहीर केले. त्याच दिवशी यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय महामंडळाचे निवेदन आले : यूपीआय वापरणारे कुठलेही क्रिप्टो एक्स्चेंज आमच्या माहितीत नाही. माहितीत नाही, म्हणजे मनाई आहे असे थोडेच? तरी काही दिवसांत यूपीआयची सोय बंद झाली. बाहेरून अनौपचारिक दबाव आला, असे कंपनीच्या प्रमुखांनी नंतर सांगितले. मार्च 2023 मध्ये या धंद्याला मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणले गेले. पाऊल योग्यच. मग डिसेंबर 2023 मध्ये फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटने बायनान्स, कूकॉइन, क्रॅकेन यांच्यासह नऊ परदेशी एक्स्चेंजांना नोटिसा धाडल्या आणि जानेवारीत त्यांची संकेतस्थळे बंद पाडली. जून 2024 मध्ये बायनान्सला 18 कोटी 82 लाखांचा दंड झाला. कूकॉइन साडेचौतीस लाखांत सुटले. नोंदणी झाली, दंड भरला, दुकान पुन्हा उघडले. आता कुणी विचारले की हे एक्स्चेंज भारतात उपलब्ध आहे का, तर उत्तर ठणठणीत होय. कायदेशीर आहे का, तर त्याची नोंदणी आहे. पण ही नोंदणी संशयास्पद व्यवहारांची खबर सरकारला देण्यासाठी आहे. ग्राहकाचे पैसे शाबूत आहेत का, हे पाहणे त्यात येत नाही. पोलीस ठाण्यात नाव लिहिलेले आहे, म्हणून दुकानदार भरवशाचा मानावा, तसला हा प्रकार.

त्याची प्रचिती 18 जुलै 2024 रोजी आली. मुंबईतून चालणाऱ्या आणि रीतसर नोंदणी असलेल्या वझीरएक्स या एक्स्चेंजवर दरोडा पडला आणि 23 कोटी डॉलरहून अधिक मूल्याचा ऐवज गेला. ग्राहकांची खाती गोठली. त्यांच्या पैशांचे काय करायचे ते ठरले सिंगापूरच्या उच्च न्यायालयात, कारण मूळ कंपनी तिथली. व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर 2025 उजाडला. टीडीएस दिल्लीला, दाद सिंगापूरला. त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने एका ग्राहकाच्या अर्जावर सांगितले की ही नाणी म्हणजे मालमत्ता आहे आणि तिच्या रक्षणासाठी इथल्या न्यायालयाला आदेश देता येतो. एवढे साधे वाक्य ऐकायला करदात्याला कर सुरू झाल्यापासून साडेतीन वर्षे थांबावे लागले, आणि तेही सरकारने उच्चारले नाही.

जाणकार म्हणतात, नियम केले की सरकारचा शिक्का बसल्यासारखे होईल आणि भाबडी माणसे आणखी पैसे ओततील. ही भीती अगदी पोकळ नाही. पण सरकारने ज्याचा कर कापला, ज्यासाठी प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वेगळा तक्ता छापला, त्याला शिक्का बसलेला नाही असे त्या भाबड्या माणसाला कोण पटवणार? दुसरे म्हणणे, हा सीमा नसलेला माल आहे, जागतिक सहमती झाल्यावाचून एकट्याने काय करणार? जपानने 2017 मध्ये एक्स्चेंजांना परवाने द्यायची व्यवस्था केली. चीनने सप्टेंबर 2021 मध्ये सगळे व्यवहार बेकायदा ठरवले. युरोपीय संघाचा कायदा डिसेंबर 2024 पासून पूर्णपणे लागू आहे. यांतल्या कुणी दिल्लीच्या सहमतीची वाट पाहिली नाही. आणि 30 टक्क्यांचा दर ठरवताना आपण तरी कुणाची पाहिली?

बंदी घालायची तर घाला, परवाना द्यायचा तर द्या. दोन्हींची बाजू मांडता येते. मांडता येत नाही ती फक्त सध्याची व्यवस्था, म्हणूनच ती कुठल्याच विधेयकात लिहिलेली नाही. तोवर विवरणपत्र भरणाऱ्या वाचकांना एकच विनंती. आभासी मालमत्तेचा तक्ता बिनचूक भरा. तोटा झाला असला तरी त्याची वजावट मिळणार नाही, आणि एक्स्चेंज बुडाले तर तक्रार कुठल्या खात्याकडे करायची, त्यासाठी त्यात रकाना नाही.