परीक्षेला नसलेले सर

मराठीचे सर शाळेच्या व्हरांड्यात लांबूनही ओळखू येतात. गणिताच्या सरांच्या हातात लाकडी कंपास असतो, विज्ञानाच्या बाईंच्या मागून परीक्षानळ्या सांभाळत कुणीतरी चालत असतं, पीटीच्या सरांच्या गळ्यात शिट्टी असते. मराठीच्या सरांच्या हातात फक्त खडू, आणि तोही अर्धा. बाकीचं शैक्षणिक साहित्य त्यांना फुकट मिळतं, कारण ते लोकांच्या बोलण्यातच पडलेलं असतं.

'उद्यापासून सर्वांनी वेळेवर हजर राहावे' ही मुख्याध्यापकांची सूचना घेऊन शिपाई वर्गावर येतो. सर सही करतात आणि मुलांकडे वळून म्हणतात, "अतिशयोक्ती." पर्यवेक्षक स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या देखत टोला हाणतात, "सर, तुमच्यासारखी तल्लीन होऊन शिकवणारी माणसं आता राहिली नाहीत हो. घंटा झाली तरी तुमचा तास चालूच!" दुसरा कुणी मनातून चरफडला असता. सर खुलतात. "वा! व्याजस्तुती! वरून स्तुती, आतून निंदा. उद्या वर्गात हेच उदाहरण देतो." आणि खरंच देतात, पर्यवेक्षकांच्या नावासकट.

उशिरा येणाऱ्या मुलांचा निवाडाही याच शास्त्राने होतो. "सर, सायकल पंक्चर झाली," म्हणणारा दाराबाहेर उभा राहतो. "सर, सायकल आज रुसली, काही केल्या दाराबाहेर पडेना," म्हणणारा चेतनगुणोक्तीच्या बळावर आत येऊन बसतो. ही बातमी फुटायला वेळ लागत नाही. जुलै संपेपर्यंत दहावी 'ब'मधली घड्याळं झोपू लागतात, बस फसवू लागते आणि वह्या आपापल्या मर्जीने घरी राहू लागतात.

उपमा शिकवायच्या दिवशी दरवर्षी एक मुलगा हात वर करून विचारतो, "सर, शेंगदाणे घातलेला का?" त्याला वाटतं, हा विनोद आपल्याआधी कुणाला सुचलेला नाही. सर दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसतात. नोकरीच्या अटींत हे कुठे लिहिलेलं नसतं.

त्यांचं खरं दुःख मुलांना अलंकार येत नाहीत हे नाही. अलंकार येतात, हेच आहे. आठवडाभर खपून सर उपमेय, उपमान, समान धर्म समजावतात. कवीला चंद्र नुसता चंद्र म्हणून का पुरत नाही, हे हातवारे करून सांगतात. त्याच संध्याकाळी क्लासवाले दहा मिनिटांत प्रकरण मिटवतात: सम, सारखा, जसा दिसलं की उपमा, जणू, गमे, वाटे दिसलं की उत्प्रेक्षा, हे नव्हेच, ते आहे असं म्हटलं की अपन्हुती. कविता वाचायचीही गरज नाही. मग तोंडी परीक्षेत 'आज पाऊस पडेल असे वाटते' हे वाक्य एखादा पोरगा उत्प्रेक्षेचं उदाहरण म्हणून ठोकून देतो. सर कपाळाला हात लावतात. "अरे, हे उत्तर तुला बरोबर वाटतं?" पोरगा शांतपणे म्हणतो, "सर, हीपण उत्प्रेक्षाच."

वृत्तांची तऱ्हा निराळी. लघु-गुरू मोजताना अख्खा वर्ग बाकावर बोटं आपटतो आणि शेजारच्या वर्गातून तक्रार येते. गण लक्षात राहावेत म्हणून सर 'यमाताराजभानसलगा' घोकून घेतात. चाचणीत एकाने तेच कवीच्या नावाच्या जागी लिहिलेलं असतं.

८० गुणांच्या कृतिपत्रिकेत या सगळ्याच्या वाट्याला येऊन येऊन किती येणार? जे येतील ते पदरात पाडून घेण्यापलीकडे कुणाला काही नको असतं. म्हणून सरांनी आपल्यासाठी एक असा विषय राखून ठेवलेला आहे, ज्याला गुणच नाहीत: नाट्यगत उपरोध. रंगमंचावरच्या पात्राला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असणं आणि त्यामुळे पात्राच्या साध्या वाक्याला भलताच अर्थ चिकटणं. त्यासाठी कुणी शिक्षक रजेवर गेले, की बदली तास मागून घेणारे हे शाळेतले एकमेव गृहस्थ. टाचणवहीत 'घटक: पत्रलेखन' असं लिहिलेलं असतं. फळ्यावर वरच्या बाजूला 'प्रति, मा. व्यवस्थापक' आणि त्याखाली ईडिपसची वंशावळ.

"सर, हे परीक्षेला आहे का?" पहिल्या बाकावरून प्रश्न येतो.

"नाही."

पहिला बाक पेनाला टोपण लावतो. मागचे बाक मात्र तेव्हाच पहिल्यांदा मान वर करतात.

सर सॉफोक्लिसपासून सुरुवात करतात. थीब्ज शहरात साथ पसरली आहे. आधीच्या राजाचा खुनी सापडल्याशिवाय ती हटणार नाही. ईडिपस राजा भर सभेत त्या खुन्याला शाप देतो, आणि खुनी तो स्वतःच असतो. इथवर वर्ग श्वास रोखून ऐकतो. पण पुढचा, आईशी झालेल्या लग्नाचा भाग दहावीला कसा सांगायचा? सर खाकरतात आणि "आणि इतरही काही अनर्थ घडतात" म्हणून उरकतात. संध्याकाळपर्यंत सगळ्या वर्गाने मोबाइलवर ते 'इतर अनर्थ' सविस्तर वाचलेले असतात. दुसऱ्या दिवशी सर पुन्हा तेवढंच मोघम बोलतात आणि चाळीस निरागस चेहरे त्यांच्यासमोर माना डोलावतात.

मग 'शाकुंतल'. चौथ्या अंकाच्या सुरुवातीला दुर्वासांचा शाप फक्त दोन मैत्रिणींच्या कानावर पडतो आणि त्या तो शकुंतलेला सांगतच नाहीत. मुलींच्या रांगेतून तीव्र निषेध होतो. "सर, अंगठी दाखव म्हणाल्या, मग का दाखवायची तेही सांगायला काय झालं होतं?" सर प्रसन्न होतात. "सांगितलं असतं तर नाटक तिथेच संपलं असतं. उरलेले तीन अंक कालिदासाने कुणावर लिहायचे?"

'संशयकल्लोळ'मध्ये फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांवर संशय घेत फिरतात. खरं काय ते सगळ्या थिएटरला ठाऊक, त्या दोघांनाच नाही. 'तो मी नव्हेच'मध्ये लखोबा लोखंडे कोर्टात हात जोडून नाकबूल जातो आणि त्याची एकेक सोंगं आपण डोळ्यांनी पाहिलेली असतात. पण सरांचा आवाज खरा चढतो तो 'कीचकवध'ला. १९०७ साली खाडिलकरांचं नाटक रंगभूमीवर आलं. पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होतं, की कीचक म्हणजे कर्झन आणि सैरंध्री म्हणजे पारतंत्र्यातला देश. सरकारने बंदी घातली १९१० साली. "एवढं मोठं साम्राज्य," सर टेबलावर खडू आपटतात, "पण रूपक ओळखायला तीन वर्षं लागली! आणि तुम्ही? तीन मिनिटांत ओळखता आणि एका गुणासाठी माझ्याशी भांडता!"

आता उदाहरण द्यायची पाळी वर्गाची. सरांना वाटतं, नाटक न पाहिलेली ही पिढी गप्प बसेल. पण सगळे एकदम सुटतात. मालिकेतल्या दुधाच्या पेल्यात काय मिसळलंय हे आपल्याला सोमवारीच कळलेलं असतं आणि सून तो पेला शुक्रवारपर्यंत हातात धरून उभी असते. सर तोंड वाकडं करतात, पण उदाहरण बिनचूक आहे हे त्यांना नाकारता येत नाही. शेवटी मागच्या बाकावरचा उठतो. "सर, चाचणीचे मार्क शाळेने पालकांच्या ग्रुपवर दुपारीच टाकलेले असतात. पोरगा संध्याकाळी घरी येतो. बाबा विचारतात, पेपर मिळाले का रे? पोरगा म्हणतो, अजून तपासून व्हायचेत. बाबा म्हणतात, बरं बरं, जेवून घे." वर्ग हसून लोळतो. सरांना मात्र पोराला सॉफोक्लिसच्या शेजारी बसवावंसं वाटतं.

पूर्वपरीक्षेच्या पेपरात सर शेवटी एक जादा प्रश्न घालतात: 'नाट्यगत उपरोधाचा तुम्हाला ठाऊक असलेला एखादा प्रसंग लिहा.' पुढे कंसात, प्रामाणिकपणे, 'गुण नाहीत'. हुशार मुलं तिकडे बघतही नाहीत. मागच्या बाकावरचा कुणीतरी मात्र बाकीचा पेपर अर्धा टाकून त्याच प्रश्नावर पुरवणी जोडतो. नियमाप्रमाणे सर त्यापुढे शून्य मांडतात आणि खाली लाल शाईत शेरा मारतात, 'अप्रतिम! असाच लिहीत राहा.'

मग वडील शाळेत येतात. पेपर टेबलावर ठेवून म्हणतात, "सर, अप्रतिम म्हणता आणि शून्य देता? ही काय थट्टा आहे?"

सरांचा चेहरा उजळतो. ते खुर्ची पुढे सरकवतात. "बसा, सांगतो. थीब्ज नावाचं एक शहर होतं…"

वडील घड्याळाकडे बघतात. पोरगा त्यांच्या कानाशी लागतो.

"पप्पा, ऐकून घ्या. हे परीक्षेला नसतं."