नाही म्हणायचं बटण

सोसायटीच्या चेअरमनना टाकीबद्दल अर्ज लिहायला बसलो होतो. ‘गेल्या तीन वर्षांत टाकी एकदाही धुतलेली नाही,’ एवढं लिहून पूर्णविराम देतोय तोच कोपऱ्यातून एक रंगीत चकती वर आली आणि विचारू लागली, अर्जाचा सूर थोडा आपुलकीचा करू का? म्हटलं, करून तर बघू दे. तिनं केला. नव्या अर्जात मी टाकीची काळजी घेतल्याबद्दल चेअरमनांचे मनःपूर्वक आभार मानले होते आणि पुढील वाटचालीस शुभेच्छाही दिल्या होत्या.

हा सहायक आम्ही मागवला नव्हता. मुलीनं दिवाळीत संगणक घेऊन दिला, त्याच्याबरोबर तो आला. पूर्वी नवरीबरोबर पाठराखीण यायची. पण सत्यनारायण झाला की ती आपली पिशवी उचलून माहेरी परतायची. हा आला तो मेमरी खात बसला.

त्याला निरोप द्यावा म्हणून सेटिंगमध्ये शिरलो. तिथं दोन बटणं. ‘होय, सुरू करा’ आणि ‘आत्ता नको’. ‘नाही’ असं बटण शोधून सापडेना. आता, आग्रह आपल्याला नवा नाही. पानावर दोन्ही हात आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून जिलबी सोडणारे वाढपी आम्ही पाहिलेत, आणि ती जिलबी खाल्लीही आहे. नको म्हणजे अर्धी वाढा, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. पण वाढपी निदान पुढच्या पानाकडं सरकतो. सोलापुरात कुठल्याही चादरीच्या दुकानात जाऊन बघा. गादीवरचा माणूस तुमच्यासाठी चाळीस चादरी उलगडतो. मोर दाखवतो, चौकडी दाखवतो, कोपरा हातात देऊन वीण बघायला लावतो. शेवटी तुम्ही म्हणता, ‘बघतो, येतो परत.’ त्याला जे कळायचं ते कळतं. एक शब्द न बोलता तो घड्या घालायला लागतो. कपाळाला एखादी आठी पडत असेल, नाही असं नाही. पण तो तुमच्यामागून घरी येऊन दर दहा मिनिटांनी पलंगाखालून ‘डबल बेडची दाखवू का’ म्हणत नाही.

न मागता मदतीला धावणाऱ्या सहायकांची ही जात तशी जुनी. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मध्ये भुवया उडवणारी एक कागदाची पिन होती, क्लिपी. पत्राचा मायना टाकला रे टाकला की मदतीला हजर. लोक इतके कावले की २००१ च्या ऑफिस एक्सपीत कंपनीनंच तिला झोपवून ठेवलं, वर तिची टिंगल करत नव्या मालाची जाहिरातही केली. २००७ च्या ऑफिसात ती उरलीच नाही. मग २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर कोर्टाना आली. २०२३ मध्ये तिनं विंडोजवरचा गाशा गुंडाळला, आणि त्याच वर्षी कोपायलट दारात उभा. सॅमसंगनं २०१७ मध्ये गॅलेक्सी एस ८ फोनला बिक्सबी नावाच्या सहायकासाठी कडेला वेगळं बटणच दिलं होतं. ते बटण निकामी कसं करायचं, यावर लोकांनी फोनपेक्षा जास्त डोकं चालवलं.

जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं कोपायलटसाठी कीबोर्डवर स्वतंत्र बटण जाहीर केलं. विंडोजच्या कीबोर्डमध्ये जवळजवळ तीस वर्षांत झालेला पहिला मोठा बदल म्हणे. तेवढीच वर्षं आम्ही ‘ळ’ आणि ‘ज्ञ’ कुठल्या बटणाखाली दडलेत ते शोधतोय. त्याबद्दल कुणी काही जाहीर केलं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात ‘रिकॉल’ नावाची सोय पुढं आली. दर काही सेकंदांनी पडद्याचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे तुम्ही काय बघत होतात ते तुम्हाला नंतर सापडेल. एवढा गवगवा झाला की जूनमध्ये ती लांबणीवर टाकावी लागली, आणि पुढं तुम्ही स्वतः चालू केली तरच चालू होईल अशा बेतानं आली. वाड्यात समोरच्या काकूंची नजर अशीच असायची, पण रात्री दहाला त्या खिडकी लावून घ्यायच्या.

ज्या सोलापूरनं मे १९३० मध्ये इंग्रज सरकारचा अंमलच काही दिवस बंद पाडला, आणि मार्शल लॉ लावल्यावरच तो पुन्हा बसवता आला, त्या गावात मला एक चकती हलवता येईना. शेवटी दुरुस्तीवाल्या पोराला बोलावलं.

त्यानं दोन मिनिटं माउस फिरवला. “काका, तुमच्याकडं एक न्हाई, तीन हायत. एक खालच्या पट्टीत, एक ब्राउझरमध्ये, एक लिहायच्या सॉफ्टवेअरात. तिघं तीन कंपन्यांचे.”

“मग अर्जात आभार कुणी मानले?”

“ते आता कसं सांगू? तिघंबी लई गोड बोलतेत.”

तिघांची तऱ्हा वेगळी. एकाची फक्त खूण पुसली जाते, स्वारी आत तशीच. दुसऱ्याचा टिकमार्क काढायचा तर तो चौथ्या पानावर, ‘अनुभव समृद्ध करा’ अशा मथळ्याखाली. तिसऱ्यासाठी पोरगा म्हणाला, “रजिस्ट्रीत जावं लागतंय.” मला वाटलं सातबारा काढायचा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत धोरणं ठरवायला ग्रुप पॉलिसी एडिटर मिळतो, होम आवृत्तीत तो नसतोच. कचेरीतल्या साहेबाला नको म्हणायची सोय आहे, घरच्या मालकाला नाही. सोलापुरात होम म्हटलं की होम मैदान, गड्ड्याची जत्रा. आमच्या संगणकावरही आता तेच चित्र होतं, फक्त पाळणे आपण लावलेले नव्हते.

“बंद केलो बघा तिन्ही,” पोरगा म्हणाला.

“परत येणार नाहीत ना?”

“येतंय की एखादं. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी तिकडनं अपडेट सुटतंय, आपल्याकडं बुधवार उजाडतोय.”

मार्च २०२५ मध्ये याच मासिक अपडेटनं उलटा चमत्कार केला होता. काही संगणकांवरून कोपायलट आपोआप उडाला. मायक्रोसॉफ्टनं चूक कबूल केली आणि दुरुस्तही केली. इतक्या वर्षांत न मागता झालेली एकच खरी मदत, ती नेमकी चूक निघाली.

आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर नळाला पाणी यायचे दिवस सौ. निळ्या पेननं गोल करते. सोलापुरात ते काही दिवसांआड येतं, त्यामुळं हिशेब ठेवावा लागतो. आता दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी लाल पेननं ‘पोरगा’ असं लिहिलेलं असतं. गेल्या महिन्यात निळा गोल आणि लाल पोरगा एकाच चौकोनात आले. पोरगा दारात, नळ सुरू. आधी पाणी भरलं. पोरानंही दोन घागरी उचलल्या. चकती तोवर कोपऱ्यातून विचारत होती, काही मदत हवी आहे का?