नवशिक्यांसाठी, ताशी २८

रोड बाईक नागपूरहून आणता येते. हप्त्यावरही मिळते. सोबत मात्र इथेच वर्ध्यात, सिंदी मेघेच्या आसपास शोधावी लागते. ती एखाद्या रविवारी मिळते आणि त्याच रविवारी, पवनारच्या बरीच अलीकडे, सुटते.

आधी सायकलचं बघू. ती दारात उभी राहत नाही, कारण तिला स्टँड नसतो. भिंतीला टेकवून ठेवली की शेजारचे काका एक चक्कर मारून पाहणी करतात. "एवढ्या पैशात स्टँडबी नाही देल्लं काय बापा?" नाही. मडगार्ड? नाही. घंटी, कॅरिअर? तेही नाही. "मंग देल्लं काय?" वजन कमी दिलंय काका, असं सांगायचं तोंडावर येतं. पण वजन कमी करायला जास्त पैसे लागतात ही गोष्ट काकांना पटत नाही. त्यांचं बरोबरच आहे. एवढ्या पैशात जुनी मोटरसायकल आली असती, हे वाक्य ते जाता जाता टाकतातच.

वर्ध्याला सायकलचं वावडं असायचं खरं तर कारण नाही. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला वर्ध्याहून शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले ते पायी. विनोबा मार्च १९५१ मध्ये हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला पायी निघाले, भूदान हाती लागलं आणि पुढे तेरा वर्षं चालतच राहिले. वाटेत कुणी त्यांना ॲव्हरेज विचारल्याचं ऐकिवात नाही. ज्यांनी गांधीजींना वर्ध्याला आणलं त्या जमनालाल बजाजांच्या पुढच्या पिढ्यांनी देशाला स्कूटर दिली. पायी आणि स्कूटर, दोन्हीची सोय वर्ध्याने लावली. मधली सायकल तेवढी राहून गेली, ती आता डॉक्टर मंडळी चालवतात.

एकट्यानेच का नाही चालवायची, असं विचारणारे असतात. चालवा की. पहाटे साडेपाचला यवतमाळ रोडवर ट्रक मागून येतो तेव्हा एका मिणमिणत्या लाल दिव्यापेक्षा सहा दिवे बरे दिसतात. कुत्र्यांनाही सहा जणांतून एक निवडताना जरा विचार करावा लागतो. आणि पंक्चर! या सायकलच्या ट्यूबला बारीक, लांबुडका वॉल्व असतो. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी त्यावर बसतच नाही. मध्ये बोटाच्या पेराएवढा पितळी अडॅप्टर लागतो, तो घरी टेबलावर असतो. गुळगुळीत रस्ता जिल्ह्यात आहे, नाही असं नाही. समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून जातो आणि त्यावर सायकलला बंदी आहे. उरलेल्या रस्त्यांवर खड्डा आधी कुणीतरी ओरडून सांगावा लागतो. तेव्हा ग्रुप हवाच.

ग्रुपचा मेसेज शनिवारी रात्री येतो. 'उद्या सकाळी सोपी राईड. नवशिक्यांचं स्वागत. आरामात जाऊ.' यातला प्रत्येक शब्द खरा असतो, फक्त तो लिहिणाऱ्यापुरता. जो माणूस चार हिवाळे सायकल हाणतोय त्याला ताशी २८ आरामातच वाटतं. नवा गडी पहिली दहा मिनिटं टिकतोही. मग समोरच्या चाकापासून चार हात मागे पडतो आणि तिथेच त्याचा रविवार संपतो. चिकटून चालवलं की वारा पुढचा माणूस खातो, मागच्याचे कष्ट चांगलेच वाचतात. तेच मागे सुटलात की सगळा वारा तुमचा. म्हणजे ज्याला आडोशाची सर्वांत जास्त गरज आहे तोच उघड्यावर, आणि ज्यांच्या पायात दम आहे ते एकमेकांच्या आडोशाने गप्पा मारत पुढे. सरकारी अनुदानासारखंच आहे हे.

आता एक हिशेब मांडतो. सायकलवाल्यांच्या जगात बीआरएम नावाचं प्रकरण आहे. २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या या राईड्स पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी जगभर होतात, आपल्याकडेही होतात. ऐकूनच छातीत धडधडतं. त्यातल्या २०० किलोमीटरला वेळ किती? साडेतेरा तास. ६०० ला चाळीस तास. भागाकार केला की ताशी जेमतेम १५ येतात, आणि त्यात चहा, पंक्चर, लघवी, झाडाखालची डुलकी, सगळं धरलेलं असतं. निकालात पहिला-दुसरा नंबरही नसतो. वेळेत पोचला तो पोचला, एवढंच. ज्यांचं नाव काढलं की नवशिक्या घाबरतो ते लोक ताशी १५ चालवणाऱ्याला प्रमाणपत्र देतात. आपला 'नवशिक्यांसाठी' ग्रुप मात्र ताशी २० वाल्याला आठ किलोमीटरवरच्या सेवाग्रामच्या आत पुसून टाकतो.

त्याच फ्रेंचांचा अजून एक जुना प्रकार आहे. १९०३ मध्ये टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांनीच १९०४ मध्ये तो तिकडे रुजवला. सगळ्यांनी एकत्र जायचं, पुढे कॅप्टन, वेग ठरलेला, आणि कॅप्टनच्या पुढे जायला कुणालाही परवानगी नाही. आजही या प्रकारात ताशी साडेबावीस धरतात. जगातली सर्वांत दमछाक करणारी शर्यत काढणाऱ्या माणसाला कळत होतं की शर्यत वेगळी आणि सोबत वेगळी. आपल्याकडेही कॅप्टन पुढेच असतो म्हणा. शहर संपेपर्यंत त्याची पाठ दिसते.

विदर्भाची अजून एक अडचण आहे आणि ती अभिमानाची आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका', सुमारे ४,८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या आत एकट्याने पूर्ण केली. पुढच्या वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक, नऊ हजार किलोमीटरच्या वर. नाशिकचे डॉ. महाजन बंधू २०१५ मध्येच दोघांत मिळून अमेरिका ओलांडून आले होते. टोपी काढावी अशीच माणसं. पण त्यांचा उपयोग आपण काय करतो? सेवाग्रामला पोचताना कुणाला धाप लागली की एक जण सायबेरिया काढतो. "अरे भाऊ, तो माणूस रशिया पार करून आला अन् तू…" रशिया पार करणाऱ्याच्या मागे गाडी होती, मदतनीस होते, वर्षानुवर्षांचा सराव होता. याच्या मागे कुणीच नाही. हीच तर तक्रार आहे त्याची.

डॉक्टरांचा विषय निघालाच आहे. सेवाग्रामला १९६९ पासून मेडिकल कॉलेज, सावंगीला दुसरं. वर्ध्यात पहाटेच्या कुठल्याही घोळक्यात तुम्ही सायकलवरून पडलात तर हाकेच्या अंतरावर हाडांचा डॉक्टर असण्याची शक्यता बरीच मोठी. फक्त तो पुढे असेल तर त्याला ती हाक ऐकू जात नाही.

बायकांचं तर बोलूच नये. त्यांच्यासाठी ८ मार्चला खास राईड असते. गुलाबी टी-शर्ट, पाहुणे, केळी, फोटो. मग ३ जूनला, संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या जागतिक सायकल दिनाला, अजून एक रॅली. विदर्भातल्या ३ जूनचं ऊन संयुक्त राष्ट्रांना कुणी कळवलेलं दिसत नाही. उरलेल्या रविवारी अंधारात पाच वाजता हायवेवर जमायचं असतं. येत का नाहीत, यावर ग्रुपमध्ये मनापासून आश्चर्य व्यक्त होतं.

ग्रुप नवशिक्यांचा आहे की नाही हे कळायला राईडला जायचीही गरज नाही. एक प्रश्न विचारा: शेवटी कोण असतो? "जो दमेल तो" असं उत्तर आलं तर आभार मानून घरी तर्री-पोहे खा. "शेवटी अमुकभाऊ असतात, त्यांच्या मागे कुणी राहत नाही" असं उत्तर आलं तर सायकल काढा. मग त्या ग्रुपचा वेग, टी-शर्ट, कार्बनच्या फ्रेमा, काहीही असू द्या. वाटल्यास अजून एक विचारा: पहिल्या दिवशी काय शिकवता? घोळक्यात चालवणं ही शिकायचीच गोष्ट आहे. आपली रेघ सोडायची नाही, अचानक ब्रेक दाबायचा नाही, पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूने अडकू द्यायचं नाही, कारण चाकं भिडली की पडतो तो मागचाच. खड्डा दिसला की हात करून ओरडायचं. बुटाला चिकटणारं पेडल घेतलं असेल तर थांबायच्या आधी पाय सोडवायचा, नाहीतर आर्वी नाक्यावर, ऐन गर्दीत, शून्य वेगाने आडवं व्हावं लागतं. हे सगळं अर्ध्या तासात सांगून होतं. पण सांगायला थांबावं लागतं, आणि थांबलं की ॲपवरचं ॲव्हरेज पडतं.

खरी 'कुणाला न सोडणारी' राईड वर्ध्याच्या कुठल्याही रस्त्यावर शाळेच्या वेळी बघता येते. चार मुली, चार सायकली, त्यातल्या एक-दोन सरकारी योजनेतल्या. वेग सगळ्यात हळू मुलीचा. एकीची चेन पडली की चौघी थांबतात, आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्याकडे वळूनही बघत नाहीत. यांच्यात आपल्याला घेणार नाहीत, हे उघड आहे.

तेव्हा आहे त्या ग्रुपमध्येच एक करून बघा. महिन्यातला एक रविवार जाहीर करा: सिंदी मेघे ते सेवाग्राम, आश्रमाच्या फाटकापर्यंत आणि परत. पुढे सर्वांत नवा माणूस, त्याच्या पुढे कुणी जायचं नाही. शेवटी सर्वांत दमदार माणूस, पंप, जादा ट्यूब आणि तो पितळी अडॅप्टर त्याच्याकडे. येताना गोरस भंडारचा गोरसपाक, पैसे ग्रुपचे. मेसेज टाकल्याबरोबर अंगठे पडतील, कल्पना सर्वांना आवडेल. मग नावं मागवा. कॅप्टन ठेवलेला नसला तरी कॅप्टनसाठी दहा मिनिटांत सहा येतील. शेवटच्या जागेसाठी मात्र दुपारपर्यंत वाट बघा, कुणी येणार नाही. संध्याकाळी त्या माणसाला फोन करा, जो गेल्या हिवाळ्यात ग्रुप सोडून गेला, आणि का गेला हे ज्याला कुणी विचारलं नाही.