कुजवणाऱ्यांच्या कामात लुडबुड न करण्याविषयी
(गृहनिर्माण सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांसाठी मार्गदर्शिका)

नियम १. बुरशी आणि जिवाणू हे सोसायटीचे सभासद नाहीत, हे प्रथम ध्यानात घ्यावे. त्यांना पार्किंग नको, ते सर्वसाधारण सभेला येत नाहीत आणि ठराव न होताच कामाला लागतात. आमच्या अध्यक्षांना नेमके हेच खुपते.

नियम २. माघ-फाल्गुनात बदामाचा आणि रेन ट्रीचा पाचोळा पडतो. तो घाण नव्हे. आमच्याकडे तो काळ्या पिशव्यांत भरून कचरागाडीत जातो आणि त्याच आठवड्यात कुंड्यांसाठी सेंद्रिय खताची पोती येतात. दोन्ही बिले एकाच बैठकीत मंजूर होतात. टाळ्याही वाजतात.

नियम ३. खताच्या ढिगात कार्बनचे २५ ते ३० भाग, नायट्रोजनचा १. तराजू आणू नये. एक बादली भाजीच्या देठासालींना दोन बादल्या सुका पाचोळा, की झाले.

नियम ४. ढीग तापतो. साधे जिवाणू आधी साखर-पिष्ट संपवतात. पारा ४५ अंशांपुढे गेला की उष्णताप्रेमी जिवाणू ताबा घेतात आणि ढीग ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढतो. तणाचे बी आणि रोगजंतू बहुतेक यातच मरतात. पहाटे ढिगातून वाफ निघताना पाहून अध्यक्षांनी आग विझवायचा सिलिंडर मागवला होता. माळीमामा लोखंडी सळई ढिगात खुपसतात, पाच-दहा मिनिटांनी काढून तिला हात लावतात. चटका बसला, तर ढीग बरा चाललाय. या सळईसाठी कोटेशन मागवू नये.

नियम ५. फिनेल ओतू नये.

नियम ६. हो, ढिगात पांढरे धागे दिसले तरी ओतू नये! ढीग निवला की बुरशी परतते. पानांच्या शिरांतले, काटक्यांतले चिवट लिग्निन बहुतेक जिवाणूंच्या आवाक्याबाहेरचे. काही बुरश्या मात्र त्यावर विकरे सोडतात, बाहेरच त्याचे तुकडे पाडतात आणि मग शोषून घेतात. कधी ते पांढरे धागे बुरशीचे नसून ॲक्टिनोमायसीट्सचे, म्हणजे बुरशीसारखे वाढणाऱ्या जिवाणूंचे असतात. मातीला वास देणारे जिओस्मिन बनवतात ते हेच. पहिल्या पावसात अध्यक्ष गॅलरीत उभे राहून ज्या मृद्गंधाने सद्गदित होतात, तो ज्यांच्यामुळे येतो त्यांच्याच डोक्यावर हा माणूस फिनेल ओततो. काय बोलावं?

नियम ७. नाक वापरावे. झोंबणारा अमोनिया म्हणजे ओला कचरा जास्त झाला; पाचोळा घाला. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा नाही. ढीग खालीवर करा. मूठभर माल दाबून पाहा: हाताला ओल लागावी, थेंब गळू नये. मुंग्या झाल्या तर पाणी शिंपडा.

नियम ८. महागडे ‘कल्चर’ घेण्याची गरज नाही. मूठभर जुने खत किंवा थोडा शेणकाला पुरतो.

नियम ९. समिती नेमू नये. वाळल्या पानात अडकलेले नत्र-स्फुरद सुटे करून मुळांना पुन्हा मिळवून देणारी समिती जमिनीत आधीच बसलेली आहे आणि तिला चहा-बिस्किटे लागत नाहीत.

नियम १०. दोन-तीन महिन्यांनी खत चाळून वाटावे. पहिली पिशवी माळीमामांची. अध्यक्षांना द्यावे की नाही, हे ‘ऐनवेळी येणाऱ्या विषयांत’ घ्यावे. नाहीतर राहू दे, देऊनच टाका. त्यांच्या जास्वंदीकडे बघवत नाही.