जाळीमागच्या पालकांसाठी सूचना

सदर सूचना चौदा वर्षांखालील मुलींच्या शालेय सॉफ्टबॉल सामन्यांना हजर राहणाऱ्या सर्व पालकांना लागू आहेत. मग सामना तालुक्याचा असो, जिल्ह्याचा असो वा विभागाचा. त्या कोणा एका व्यक्तीला उद्देशून नाहीत. दाजींनी तसा समज करून घेऊ नये.

कलम १. व्याख्या

स्ट्राइक झोन म्हणजे होम प्लेटच्या वरची, डोळ्यांना न दिसणारी जागा. रुंदी प्लेटएवढी, म्हणजे १७ इंच. उंची बॅटरच्या काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत. चेंडू या जागेला नुसता चाटून गेला तरी स्ट्राइक. इथवर कोणाचं भांडण नाही. पण सॉफ्टबॉलचा चेंडू १२ इंच घेराचा, म्हणजे जवळजवळ चार इंच जाड. तो डाव्या कडेला चाटला तरी चालतो आणि उजव्या कडेला चाटला तरी. हिशेब केला तर ज्या पट्ट्यातून गेलेला चेंडू स्ट्राइक ठरतो तो पट्टा दोन फुटांहून थोडा जास्तच भरतो. दाजींनी एकदा सामन्याआधी खिशातून टेप काढून प्लेट मोजली. ती बरोबर १७ इंच भरली, आणि तेव्हापासून त्यांचा पंच या जमातीवरचा विश्वास उडाला.

उंचीबाबत एक पोटनियम. काख आणि गुडघा धरायचा तो बॅटर मारायला नेहमीसारखी उभी असतानाचा. काही शाळांचे सर बुटक्या मुलींना चेंडू येताना आणखी खाली वाकायला शिकवतात. मुलगी जवळजवळ उकिडवी बसते, आणि पंच तिच्या उभ्या अंगाचाच झोन धरून 'स्ट्राइक' देतात. मुलगी वाकली म्हणून झोन वाकत नाही.

काही मैदानांवर प्लेट रबराची नसतेच, फक्कीने आखलेली असते. तिथे तिसऱ्या इनिंगनंतर कोपरे बुटांखाली जातात आणि प्लेटच्या जागी एक पांढरट डाग उरतो. अशा मैदानावर टेप आणू नये.

कलम २. येताना क्रिकेट गेटबाहेर ठेवावे

हा खेळ १८८७ साली शिकागोत, एका क्लबच्या बंदिस्त हॉलमध्ये, बॉक्सिंगच्या ग्लोव्हचा चेंडू करून सुरू झाला. त्यात एलबीडब्ल्यूची सोय कोणी केली नाही. बाहेरच्या चेंडूची एक धाव मिळत नाही. असे चार सोडले की बॅटरला चालत पहिल्या बेसवर जाता येतं, तो वॉक. हातातल्या वस्तूला मुली स्लगर म्हणतात. त्याला 'बॅटचा मधला भाग' वगैरे काही शोधू नये.

मुख्य मुद्दा असा की चेंडू सोडणं हा इथे सद्गुण नाही. दाजींचं तारुण्य गावसकरांनी सोडलेल्या चेंडूंचं कौतुक करण्यात गेलं. त्यामुळे मुलीने बाहेरच्या अंगाचा चेंडू सोडला की ते खणखणीत आवाजात "वेल लेफ्ट!" अशी दाद देतात. त्याच क्षणी पंच ताठ उभे राहतात, उजवा हात वर करतात आणि "स्ट्राइक थ्री!" म्हणतात. मग दाजी आजूबाजूच्या सर्वांना विचारतात, "आउट कशी? चेंडू कुठे लागलाच नाही!" नाही लागला, दाजी. तेच तर झालं.

कलम ३. बसण्याची जागा

पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या बाजूला बसलं तर चेंडूची उंची कळते, रुंदी बिलकूल कळत नाही. जाळीमागे बसलं तर रुंदी थोडीफार कळते आणि उंची फसवते. तेव्हा ज्याला ज्या विषयावर बोलायचं असेल त्याने त्याप्रमाणे जागा निवडावी. दाजींची पद्धत नेमकी उलटी आहे. चेंडू बाहेर होता की आत, हा निकाल ते तिसऱ्या बेसकडच्या लिंबाखाली बसून देतात. उंच होता की खाली, हे सांगायला उठून जाळीमागे येतात.

पंच कुठे उभे असतात हेही एकदा पाहून ठेवावं. कॅचरच्या बरोबर मागे नाही. कॅचर आणि बॅटर यांच्या मधल्या फटीत, बॅटरच्या बाजूला, डोळे झोनच्या वरच्या कडेला येतील इतके वाकून. तिथून आतला कोपरा स्वच्छ दिसतो. बाहेरचा खालचा कोपरा त्यांना सगळ्यात लांब पडतो, आणि तिथल्या निर्णयात थोडी श्रद्धा मिसळलेली असते. जाणता पंच मान हलवत नाही, नुसते डोळे फिरवतो, आणि चेंडू ग्लोव्हमध्ये गेल्यावर क्षणभर थांबून मग बोलतो. हा क्षणभराचा थांबा पालकांना संशयास्पद वाटतो. वास्तविक घाईने ओरडणाऱ्या पंचाला घाबरायला हवं, कारण तो चेंडू यायच्या आधीच ठरवून मोकळा झालेला असतो.

कलम ४. कॅचरचा ग्लोव्ह हा पुरावा नव्हे

निकाल प्लेटवर लागतो, ग्लोव्हमध्ये नाही. बारा वर्षांच्या मुलीचा चेंडू कमान करून येतो. प्लेटवरून जाताना तो बॅटरच्या मांडीला असतो आणि कॅचर तो जमिनीलगत उचलते. तो स्ट्राइक आहे. लिंबाखालून नाही दिसणार.

कलम ५. झोन का पसरतो

हे कलम लांब आहे. चहा घेऊन बसावे.

पहिली इनिंग. पिचर सातवीतली, हात छान फिरतो, पण चेंडू कुठे जाईल हे तिलाही ठाऊक नसतं. पंच पुस्तकाप्रमाणे काटेकोर. चार बॉल, वॉक. चार बॉल, वॉक. पुन्हा चार बॉल. तिन्ही बेस भरले. चौथ्या वॉकला धाव आपोआप घरी येते. शॉर्टस्टॉप बुटाच्या टोकाने मातीत नक्षी काढू लागते. आउटफिल्डमधल्या तिघीजणी एव्हाना गप्पांना जमलेल्या असतात. पलीकडच्या शाळेचे सर धोरण बदलतात: "मारू नको गं, नुसती उभी राहा." मग पुढच्या मुली स्लगर खांद्यावर ठेवून बसची वाट पाहत असल्यासारख्या उभ्या राहतात आणि बस येते. नऊ-शून्य. कोणी एकही चेंडू मारलेला नाही. त्याच मैदानावर दिवसभरात आणखी सामने व्हायचे असतात, आणि दुपारी पावसाचं सावट असतं.

अशा वेळी अनुभवी पंच एक गोष्ट करतात, जी कुठल्याही पुस्तकात नाही. ते बाहेरच्या बाजूला आणखी एक चेंडूभर जागा उघडतात. वरही थोडी. दोघी मुली उभ्या उभ्या आउट होतात, जाळीमागे आरडाओरडा होतो, आणि तिसरी मुलगी घाबरून का होईना, स्लगर फिरवते. चेंडू लागतो. शॉर्टस्टॉप दचकून जागी होते, चेंडू पायांमधून जातो, सगळे ओरडतात. सामना सुरू झाला.

आमच्या जिल्ह्यातले एक निवृत्त क्रीडाशिक्षक यात पटाईत आहेत. मास्क कपाळावर सरकवून ते प्लेट झाडायला वाकतात आणि बॅटरला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणतात, "पोरी, मारायला आलीस ना? मग मार." पंचाने खेळाडूला सल्ला देणं नियमात बसत नाही. मी तक्रार करणार नाही.

अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये प्रत्येक चेंडूची नोंद कॅमेरे ठेवतात. त्या नोंदींतून दिसलं की तीन बॉल, शून्य स्ट्राइक असताना तिथल्या कसलेल्या पंचांचाही झोन पसरतो, आणि शून्य बॉल, दोन स्ट्राइक असताना आक्रसतो. म्हणजे जो अडचणीत आहे त्याच्याकडे पंचाचा हात नकळत झुकतो. २०२६ च्या मोसमापासून तिथल्या संघांना अशा निर्णयावर यंत्राकडे दाद मागता येते, आणि दोनदा दाद चुकली की तो हक्क संपतो. आपल्याकडे यंत्र म्हणजे दाजींचा मोबाइल. लिंबाखालून काढलेलं चित्रीकरण ते चहाच्या टपरीवर बोटांनी मोठं करून दाखवतात. त्यात एका अनोळखी मुलाचा कान, जाळीचा खांब आणि त्यामागे कुठेतरी आपल्या मुली दिसतात.

कलम ६. काय विचारता येते

काहीही नाही. बॉल की स्ट्राइक हा पंचांच्या नजरेचा निर्णय, त्यावर दाद नाही. नियमच चुकीचा लावला तर प्रशिक्षकांना लेखी तक्रार करता येते. मोजणीत घोळ वाटला तर तेही प्रशिक्षकांनीच विचारायचं. पंचांच्या डाव्या हातात इंडिकेटर असतो, त्यावर ते बघतात. आधी बॉल सांगायचे, मग स्ट्राइक. 'तीन-दोन' म्हणजे तीन बॉल, दोन स्ट्राइक. काका, तो स्कोअर नव्हे.

कलम ७. तिसरा स्ट्राइक आणि सुटलेला चेंडू

तिसरा स्ट्राइक झाला, पण चेंडू कॅचरच्या हातून सुटला, आणि पहिला बेस रिकामा असेल किंवा दोघी आधीच बाद झालेल्या असतील, तर बॅटर अजून आउट नाही. तिने पळायचं. पालकांना ओरडायची हौस असेलच, तर ती इथे भागवून घ्यावी. चार शाळांमधल्या तीन शाळांच्या मुली इथे डोळे पुसत डगआउटकडे निघालेल्या असतात.

कलम ८. गुणांविषयी

शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत, हे सर्व खरं. दाजींना त्याचे शासन निर्णय तारखेसकट पाठ आहेत. मुलगी सातवीत आहे.

कलम ९. प्लेट झाडणे

पंच प्लेट झाडताना मैदानाकडे पाठ करतात आणि प्रेक्षकांकडे तोंड. दिवसभरात तेवढ्याच वेळी त्यांची आणि पालकांची नजरानजर होते. त्या वेळी हातवारे करू नयेत. या माणसाने सकाळपासून ऑक्टोबरच्या उन्हात मास्क, छातीवर गार्ड, पायांवर गार्ड चढवलेले असतात. निसटता लागलेला एखादा चेंडू त्याच्या दंडावर बसलेला असतो. मानधन काय मिळतं ते विचारू नये, आणि जेवणाचं पाकीट उघडलं की भाताचा गोळा निघतो. पुढच्या वर्षी पंच कुठून आणायचे ही प्रत्येक आयोजकाची रड आहे. जुने खेळाडू एकदा उभे राहतात, जाळीमागून आपल्या आईवडिलांचा उद्धार ऐकतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. याला जबाबदार कोण, ते लिहायची ही जागा नव्हे. लिंबाखाली विचारावे.

कलम १०. हक्काची मागणी

एकच आहे. झोन कसाही असो, दोन्ही संघांना सारखा आणि पहिल्या इनिंगपासून शेवटपर्यंत तोच. हे घडतंय की नाही, ते कॅचरइतकं कोणालाच कळत नाही, कारण ती पंचांच्या नाकासमोर बसलेली असते. आमची भाची कॅचर आहे. दुसऱ्या इनिंगपर्यंत तिला सगळं समजलेलं असतं. "सर बाहेरचा देतायत, वरचा नाही देत," एवढं ती पिचरला जाऊन सांगते. स्वतःची बॅटिंग आली की बॉक्सच्या रेषेला पाय भिडवून प्लेटच्या जवळ उभी राहते, म्हणजे तो बाहेरचा चेंडू तिच्या टप्प्यात येतो. वडील ज्या अन्यायाविरुद्ध तासभर बोलत असतात, त्याचा बंदोबस्त तिने अर्ध्या पावलात केलेला असतो. परवाच्या सामन्यात तर तिने टाइम मागितला, मास्क काढून जाळीपाशी आली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही लिंबाखाली बसा ना. पिचर घाबरतेय तुम्हाला." दाजी गेले. पंचांनी तेवढ्यात निवांत पाणी पिऊन घेतलं.

कलम ११. परतीचा प्रवास

घरी जाताना गाडीत सामना पुन्हा खेळू नये. मुलींना भूक लागलेली असते आणि त्यांचं बोलणं भलत्याच विषयावर चाललेलं असतं. दाजींनी परवा हा नियम नाक्यापर्यंत पाळला. मग भज्यांची प्लेट समोर येताच सुरुवात केली: पंचांनी आपल्यावर कसे पाच निर्णय उलटे दिले, दिवसभरात योग्य असा निर्णय एकच, शेवटच्या इनिंगमधला, तीन-दोन असताना त्यांची ती उंच मुलगी जी उभी राहून आउट झाली तो, आणि तिच्या वडिलांनी त्यावरही किती कांगावा केला!

"तो बॉल होता, पप्पा," भाची तोंडात भजं ठेवून म्हणाली. "बाहेर होता. मी ग्लोव्ह हळूच आत घेतला. जोरात ओढला की सर चिडतात, म्हणून हळूच."

दाजींनी हातातला चहा संपवला. पोरीला आणखी एक प्लेट सांगितली.

"तसे पंच चांगले होते हं आजचे," ते मला म्हणाले.